एल्फांना सभासद करून घेण्याबाबत

एल्फांवर माझा जीव होता, हे आधीच कबूल करून टाकते. दुसऱ्या कुणी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा माझ्याच तोंडून आलेलं बरं.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एल्फ म्हणजे परदेशी अद्भुत कादंबऱ्यांमधली एक जमात. आपल्याकडच्या यक्ष-गंधर्वांच्या नात्यातली म्हणा. उंच, गोरीपान, कानांची टोकं वर निघालेली, केस कमरेपर्यंत आणि त्यात कधी गुंता नाही. जंगलात राहतात, हजार-हजार वर्षं जगतात, हळू बोलतात, सुरेल गातात. घाम त्यांना येतच नाही. आणि मी हे वाचत होते कुठं, तर पाटोद्याच्या रस्त्याला लागून असलेल्या एका माळावर, भर मे महिन्यात, शेणाच्या वासात, पदरानं मान पुसत. जीव जडणार नाही तर काय होईल?

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दडी मारली होती. गावात चारा नव्हता, विहिरींनी तळ दाखवला होता, म्हणून आमच्या दूध सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली होती. मी त्या सोसायटीची सेक्रेटरी. वय सव्वीस, शिक्षण बी.कॉम., आमच्या बौद्ध वस्तीतली पहिली पगारी बाई, आणि त्याचा मला इतका तोरा होता की आता आठवलं तरी हसू येतं. रोज इस्त्रीची साडी नेसून छावणीत जायचे. चपलेला शेण लागलं की तोंड वाकडं करायचे. अगं बाई, जनावरांच्या छावणीत शेण नाही तर काय मोगरा असणार?

छावणी म्हणजे एक गावच होतं. हिरव्या जाळीच्या आणि पाचटाच्या सावलीत गाई, बैल, म्हशींच्या रांगा, आणि दर दावणीशेजारी एक बाज, एक माठ, एक चूल. माणसं जनावरांबरोबर तिथंच मुक्कामाला. सकाळी चारा वाटून झाला, साडेअकराला टँकर आला, हौद भरला, जनावरं पाणी पिऊन रवंथ करत बसली, की मग चार वाजेपर्यंत कुणाला काही काम नसे. बायका गोधड्या शिवायच्या, पुरुष पत्ते कुटायचे आणि मी वाचत बसायचे.

पुस्तक मदतीच्या सामानातून आलं होतं. शहरातल्या कुठल्याशा मंडळानं बिस्किटांचे पुडे, चादरी आणि एक खोकं भरून पुस्तकं पाठवली होती. त्यात निम्मी तरी स्पर्धा परीक्षांची, दोन पाककृतींची, आणि एक हे जाडजूड भाषांतर. त्याचं कव्हर आणि पहिली काही पानं कधीच फाटून गेली होती, त्यामुळं लिहिणारा कोण, भाषांतर कुणी केलं, काही पत्ता नाही. पण वाचायला घेतलं आणि मी त्यात बुडाले.

आता फाटकाजवळची हकीकत सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. छावणीला बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि फाटकाच्या जागी एक मोठी काटेरी फांदी आडवी. छावणी सुरू झाली त्याच आठवड्यात एक साठीची मेंढपाळ मावशी चाळीसभर मेंढरं घेऊन फांदीपलीकडं येऊन उभी राहिली. खांद्यावर घोंगडं, हातात काठी.

"बाई, माझ्या मेंढरायला तेवढं पाणी मिळंल का?"

मी खुर्चीवरून उठून गेले. मला उर्मट बोललेलं आवडत नाही. मी म्हटलं, "मावशी, वाईट वाटतं हो, पण नियम आहे. वरून कागदच तसा आलाय. छावणी फक्त मोठ्या जनावरांची. शेळ्या-मेंढ्यांना नाही घेता येत. तुम्ही या ना आत, बसा सावलीला. चहा घ्या."

मावशी आत आली, चहा प्यायली. मेंढरं बाहेर उन्हात उभी. तिनं सांगितलं की पलीकडच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत थोडं पाणी आहे, पंधरा-वीस दिवस ओढेल. ते संपलं की गोदाकाठ गाठायचा, म्हणजे चार-पाच मुक्कामांची वाट, आणि कळपातल्या बाराएक मेंढ्या गाभण. "वाटंत बसत्याल त्या," ती म्हणाली. "न्हाईतर हितंच बाजारात खाटकाला द्यायच्या." मला खरंच वाईट वाटलं. मी तिला बिस्किटाचा पुडाही दिला. दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी यायची, आत कुंपणाला टेकून बसायची, आणि मेंढरं पाण्याच्या वासानं कुंपणाकडं सरकली की आमचा राखणदार काठी आपटून त्यांना हुसकायचा. तसं त्याला मीच सांगून ठेवलं होतं, आणि तो नसला की काठी मी घ्यायचे.

मोठ्यानं वाचायला मला आबांनी लावलं. आबा सोसायटीचे सगळ्यात जुने सभासद. दोन बैल आणि एक म्हैस घेऊन छावणीत आलेले. कुठल्याही सभेत उभं राहून हरकत घेतल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

"काय वाचायलीस एवढं, पोरी? येकटीच हासायलीस, येकटीच रडायलीस. आमाला बी सांग की."

झालं. त्या दिवसापासून हौदाशेजारच्या लिंबाखाली रोज वाचन सुरू झालं. आबा, पत्तेवाले, गोधडीवाल्या बायका, कुंपणाला टेकलेली मावशी, आणि ड्रायव्हर काका. काकांची उभी हयात एसटीत गेलेली, आता रिटायर होऊन दोन जर्सी गाई पाळत होते. मला वाटलं, आपण या लोकांना एक सुंदर जग दाखवतोय. आबांनी पहिल्याच दिवशी हरकत घेतली.

"त्यायच्यात झाडझूड कोन करतं?"

"कुणाच्यात?"

"ह्या तुझ्या एल्फांच्यात. समदे गायला बसलेत. वाडा लख्ख हाय म्हणती. मंग झाडतं कोन? पांढरी कापडं घालून रानात हिंडायचं म्हंजे रोजचं धुणं आलं. ते कोन धुतं?"

मी पानं चाळली. सगळं पुस्तक पालथं घातलं तरी एक झाडू सापडला नाही, एक बादली नाही. स्वयंपाक करणारं कुणी नाही. मेजावर फळं आणि मध आपोआप हजर. मी म्हटलं, "आबा, गोष्ट आहे ही."

"असू दे की गोष्ट. गोष्टीत बी माणूस जेवतंच."

गोधडीवाल्यांची शंका वेगळीच. एकीनं सुई थांबवून विचारलं, "हजार वर्षं जगत्यात म्हणता, मंग सासू बी हजार वर्षं?" आणि सगळ्या बायकांनी गोधडी बाजूला ठेवली. तिथपासून एल्फांच्या राजघराण्यातल्या सुनेबद्दल छावणीत फार सहानुभूती होती.

एल्फांचे शत्रू म्हणजे डोंगराखाली राहणारी एक बुटकी, काळी, बसक्या नाकाची जमात. चिखलातून जन्मलेली. भाषांतरकारानं त्यांना 'गाळपुत्र' असं भारदस्त नाव दिलं होतं. ते एकजात दुष्ट. त्यांच्यात एकही बरा नाही, म्हातारा नाही, बाई नाही, लेकरू नाही. मी तो भाग वाचला तेव्हा आबांनी आधी आपल्या म्हशीकडं पाहिलं, मग सगळ्या मंडळींवरून नजर फिरवली आणि शेवटी माझ्याकडं पाहिलं.

"काळं म्हणून वाईट का? मंग ह्या छावणीत चांगलं कोन हाय? तू तर न्हाईसच."

सगळे हसले. मी पण हसले, पण मला झोंबलं. मी सावळी वगैरे नाही, चांगली काळी आहे. कॉलेजात असताना दर महिन्याला क्रीमची ट्यूब आणून चोळली आहे. इतकी वर्षं गोष्टींमधल्या गोऱ्यांवर मी जीव टाकत आले, आणि त्या गोष्टींत माझ्या रंगाचं माणूस कुठल्या बाजूला उभं असतं हे एकदाही मनात आलं नव्हतं. पण तेव्हा हे कबूल करायला मी काय वेडी होते? मी म्हटलं, "रंगाचा काही संबंध नाही. ते वागतातच वाईट."

मग ड्रायव्हर काकांनी तोंड उघडलं. काका बोलायचे कमी, पण बोलले की ब्रेक लागल्यासारखं सगळं थांबायचं.

"बाई, परवा तुमी वाचलंत का न्हाई, एल्फांच्या राजपुत्रानं गाळवाल्यांच्या डोंगरातनं हिरा आणला. तिथं काय लिवलंय?"

मी शोधून वाचलं, "पूर्वजांचा वारसा परत मिळवला."

"आन गाळवाल्यांनी हिवाळ्यात एल्फांचं धान्य नेलं, तिथं?"

"लुटालूट केली."

"हां. आमी डेपोत अपघाताचा रिपोर्ट लिवायचो. जो आदी लिवतो त्याची गाडी कवाच राँग साइडला नसती. ह्यो रिपोर्ट एल्फांनी आदी लिवलाय. गाळवाल्यांचा येऊ द्या, मंग बगू."

मला इतका राग आला की त्या दिवशी वाचन तिथंच बंद केलं. घरी जाताना सगळी वाट स्वतःशीच वाद घालत होते आणि प्रत्येक वादात काकाच जिंकत होते.

असे वीसेक दिवस गेले. खाणीतलं पाणी आटत चाललं होतं. एक दिवस मावशी दुपारी उशिरा आली, गुडघ्यापर्यंत चिखल लागलेला. एक मेंढी खाणीच्या गाळात रुतली होती, ती ओढून काढायला तिला तास लागला होता. "आता निस्ता चिखल हाय," ती म्हणाली. "परवा हलते हितनं. देवाच्या मनात असंल तेवढ्या पोचत्याल." मी म्हटलं, "अरेरे." चहा मागवला. आणि पुस्तक उघडलं.

नेमकं त्याच दिवशी माझं सगळ्यात आवडतं प्रकरण होतं. पायथ्याच्या गावातली नदी आटते, युद्धात घरं जळतात, आणि तिथली माणसं एल्फांच्या जंगलाच्या वेशीवर येऊन पाणी मागतात. आत झरेच झरे. पण परक्यासाठी वेस उघडायची नाही हा एल्फांचा प्राचीन नियम. मग एल्फांची राणी झाडावर चढते आणि त्या तहानलेल्या लोकांसाठी एक शोकगीत गाते. तब्बल तीन पानांचं. सगळं जंगल रडतं. हे प्रकरण मी घरी दोनदा वाचून दोनदा रडले होते. तिथं वाचतानाही आवाज भरून आला. पुस्तक मिटून मी डोळे टिपले.

कुंपणाकडून मावशीनं विचारलं, "मंग, पाणी दिलं का?"

"नाही, मावशी. नियम होता ना त्यांचा. पण त्यांना फार वाईट वाटलं."

मी हे बोलले. माझ्याच तोंडानं, माझेच कान ऐकत असताना, आणि मला काहीही जाणवलं नाही.

आबा मात्र भडकले. "असली माणसं उद्या आपल्या सोसायटीत शिरत्याल आन आपल्यालाच गाणं ऐकवत्याल. मी म्हणतो, ह्यायला सभासदच करून घ्यायचं न्हाई. घ्या सभा. आत्ताच्या आत्ता."

सभा म्हटलं की आमच्याकडच्या माणसांना चेव येतो. पत्ते बाजूला पडले. टँकरचं बघायला आलेले चेअरमन साहेब तिथंच होते. त्यांना अध्यक्षस्थानी बसा म्हटलं, तर कुठली सभा, कशाची सभा हेही न विचारता ते बाजेवर बसले आणि त्यांनी टोपी सरळ केली. माझ्या पिशवीत सोसायटीची ठरावांची वही होती. मी सवयीनं ती काढली, सवयीनं पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागले. 'विषय क्रमांक एक: एल्फ यांना सभासद करून घेण्याबाबत विचार करणे.' गंमत चालली आहे आणि वही मात्र खरी आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सभा दिसली की लिहायचं, इतकंच हाताला माहीत.

गणपूर्ती झाली नाही म्हणून आबांनी हरकत घेतली. दोन माणसं कमी भरत होती. मग रीतसर सभा अर्धा तास तहकूब झाली. सगळे होते तिथंच बसून राहिले, चहा आला, अर्ध्या तासानं त्याच माणसांची तीच सभा त्याच जागी पुन्हा सुरू झाली, आणि आता गणपूर्तीची गरज उरली नव्हती. हा नियम कुणी केला देव जाणे, पण तो मोडलेला मी कधी पाहिला नाही.

एल्फांची बाजू मांडायला मला उभं केलं. मी म्हटलं, ते शूर आहेत, शब्दाला जागतात, त्यांनी जग वाचवलं आहे.

"दूध किती दिवस घालत्याल?" आबा म्हणाले. "वर्साला ठरलेले दिवस दूध घातल्याबगर सभासद होता येत न्हाई. त्यायच्याकडं दुभतं हाय का?"

"पांढरे घोडे आहेत."

"मंग मिटलं."

काका म्हणाले, "जग वाचवलं म्हणता, पर लढाई कुणाच्या रानात झाली? गाववाल्यांच्या. एल्फांचं एक झाड तरी जळलं का?" गोधडीवाल्या एकीनं राजघराण्याच्या सुनेला वेगळं करून तिचा अर्ज स्वतंत्रपणे विचारात घ्यावा अशी सूचना केली, आणि ती टाळ्यांत मंजूर झाली. बाकीच्यांविरुद्ध सगळे हात वर गेले. एल्फांच्या बाजूनं माझ्या एकटीचा हात. त्यावर आबांची हरकत, की सेक्रेटरीला मत नसतं. सूचक आबा, अनुमोदक ड्रायव्हर काका, ठराव सर्वानुमते मंजूर. चेअरमन साहेबांपुढं वही धरली, त्यांनी न बघता सही केली. ते नेहमीच न बघता करतात.

मग मी सवयीनं पुढचं वाचलं, "विषय क्रमांक दोन. माननीय अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय."

कुंपणाजवळून मावशीनं काठी वर केली. "मला मत न्हाई. पर बोलू का?"

बोला, बोला, म्हणाले सगळे.

"तुमी त्या लोकायला कावून एवढं टाकून बोलायलात? मला तर लई चांगली वाटली ती. त्यायनी शिव्या दिल्या न्हाईत. दगड मारला न्हाई, कुत्रं सोडलं न्हाई. मी लई गावं हिंडले, पाण्यापायी काय काय ऐकलंय ते माझं मला ठावं. ह्यायनी तर गाणं म्हणलं. आपल्या बाईवाणीच हायत ती. बाई बी मला रोज बसा म्हणत्यात, चहा देत्यात. नियम बी किती गोड सांगत्यात. पाण्याचं काय, ते नसतं येकेकाच्या नशिबात."

तिला टोमणा मारायचा नव्हता. ती माझी बाजू घेत होती. मला सभेत एकटी पडलेली बघून तिनं काठी वर केली होती. कुणी हसलं नाही. आबांनी सुद्धा हरकत घेतली नाही. मी उठले, पिशवी खांद्याला अडकवली आणि तिथून निघून गेले.

आधी आला तो रागच. मी? मी एल्फ? रंग बघा माझा. आडनाव बघा. माझ्या घरात पाण्याची गोष्ट कुणाला पुस्तकातून वाचावी लागलेली नाही. माझी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, लहानपणी गावच्या विहिरीपासून दहा पावलांवर घागर घेऊन उभी राहायची. स्वतः पाणी शेंदायची मुभा नव्हती. वरून कुणी ओतलं तर मिळायचं. शिव्या देणारे होतेच, पण आत्याला आयुष्यभर आठवत राहिली ती एक बाई. ती फार लाघवी बोलायची. "थांब गं बाळे, एवढी धुणी होऊ दे माझी," म्हणायची, गालावर हात फिरवल्यासारखं बोलायची, आणि धुणी झाली की निघून जायची. आत्या म्हणायची, शिव्या देणाऱ्याला मनातल्या मनात उलट शिवी देता येते, हिला काय देणार? छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला, माणसं शिकली, नोकऱ्या लागल्या, आणि त्या घरातली मी इस्त्रीची साडी नेसून वीस दिवस एका म्हातारीला चहा पाजत होते. घरी येऊन मी खूप रडले. त्या शोकगीतावर रडले होते त्याहून हे रडणं वेगळं होतं, यात मला स्वतःचं अजिबात कौतुक वाटत नव्हतं.

सकाळी वही उघडली आणि मला घामच फुटला. एल्फांचा ठराव खऱ्या वहीत, खऱ्या शाईत, खाली चेअरमन साहेबांची खरी सही. पान फाडावं तर पानांना नंबर. घाबरून खालपर्यंत वाचत गेले, आणि मग एक गोष्ट ध्यानात आली. मी तरातरा उठून गेले होते. 'अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली' हे शेवटचं वाक्य लिहिलेलंच नव्हतं. म्हणजे सभा चालूच होती. विषय क्रमांक दोन उघडा होता.

साडेअकराच्या आधी मी लिंबाखाली वही घेऊन उभी राहिले. "कालची सभा संपलेली नाही. ऐनवेळी एक विषय आला आहे. मावशींच्या मेंढरांचं पाणी."

चेअरमन साहेब म्हणाले, "अगं, ती गंमत होती."

मी वही पुढं केली. "सही तुमची आहे."

त्यांनी पहिल्यांदाच आपली सही कशाखाली आहे ते वाचलं. 'एल्फ नामक व्यक्तींना सभासद करून घेण्यात येऊ नये.' दोन वेळा वाचलं. कपाळ पुसलं. मग माणूस मनानं वाईट नाही म्हणून त्यांनी तोडगाही काढला. रोज टँकर यायच्या आधी हौदातलं तळाचं पाणी आपण ओतूनच देतो, ते चरीनं कुंपणाबाहेर सोडायचं. नियमही राहील, मेंढरंही पितील.

"उष्टं पाणी नाही," मी म्हटलं. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "फेकायचं पाणी द्यायचं आणि उपकार केले म्हणायचं, हे माझ्या सहीनं होणार नाही. द्यायचं तर टँकरचं, फाटकातून आत घेऊन."

मग आबा गुडघ्यावर हात ठेवून उठले. मला वाटलं, आता हरकत. पण आबा म्हणाले, "लिव. आमच्या वाट्याचं जे पाणी हाय, त्यातलं आमी देणार. आन मेंढरं आदी पित्याल. म्हशी आदी प्याल्या की समदा फेस करून ठिवत्यात."

अनुमोदन काकांचं. चेअरमन साहेबांना तपासणीची काळजी होती. मी म्हटलं, "कुणी विचारलं तर माझं नाव सांगा." त्यांनी सही केली, आणि या वेळी सगळा ठराव वाचून केली.

टँकर आला, हौद भरला. मी स्वतः जाऊन फाटकातली काटेरी फांदी ओढली. साडी फाटली, फाटू दे म्हटलं. सकाळीच निरोप धाडून बोलावलेली मावशी काठी टेकून बाहेर उभी होती, जायची बांधाबांध तिनं केलेली होती. "आणा आत," मी म्हटलं. मेंढरं मात्र जागची हलेनात. मावशीनं शीळ घातली, जीभ टाळ्याला लावून आवाज काढला, तरी ती एकमेकांना चिकटून तशीच उभी.

"बाई, तुमी जरा बाजूला व्हा," मावशी म्हणाली. "तुमाला भ्यायलेत ती."

मी लिंबाच्या मागं गेले. मग एक म्हातारी मेंढी पुढं आली, तिच्यामागं दुसरी, आणि बघता बघता सगळा कळप हौदाला भिडला. चाळीस तोंडं पाण्यात, कान खाली, आवाज फक्त पिण्याचा. गाभण मेंढ्यांना मावशी हातानं पुढं सारत होती. आबांची म्हैस दावणीवरून ओरडत होती आणि आबा तिला गप बस म्हणत होते.

मी वाट बघत होते. खोटं कशाला सांगू, मावशी येऊन काहीतरी बोलेल याची वाट बघत होते. 'अहो, त्यात काय एवढं' हे उत्तरही तयार ठेवलं होतं. मावशी आली नाही. मेंढरं पिऊन होईपर्यंत तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला आधी जरा वाईट वाटलं, जरा रागही आला. मग लिंबाला टेकून मी त्या भरलेल्या हौदाकडं बघत राहिले. ती आभार कशाचे मानणार होती? पाणी इथंच होतं, मेंढरं तिथंच होती, आणि मध्ये वीस दिवस मी उभी होते.

शेवटची मेंढी हौदावरून हटली तशी मावशी माझ्याजवळ आली. घोंगडं खांद्यावर नीट केलं.

"उद्या कवा येऊ?"

"साडेअकराला," मी म्हटलं. "सगळ्यांच्या संगं."

"बरं," म्हणाली, आणि मेंढरांच्या मागं निघाली.